चौदा तारखेचं डेकोरेशन

अण्णा, कागदाचा बदाम कापायचा तर आधी कागद दुमडायचा आणि घडीच्या बाजूने अर्धाच बदाम कापायचा, हे तुम्ही मला एकदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आईने दिलेला डबा घेऊन दुकानात आलो होतो आणि तुम्ही लाल घोटीव कागदाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून म्हणालात, "बस जरा, दोन हात लाव." मी म्हणालो, "अण्णा, मला सबमिशन आहे." सबमिशन नव्हतं. कराडच्या त्या दुकानात वरातीच्या गाड्या सजायच्या, थर्मोकोलमध्ये नवरा-नवरीची नावं कापली जायची, मधे इंग्रजीत 'वेड्स', आणि मला त्या सगळ्याची लाज वाटायची. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'बिझनेस' म्हणायचो. तुम्हाला ते कळलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही मला कधी हात लावायला सांगितलं नाही. इंग्लंडला निघालो तेव्हा मात्र तुमची काळ्या मुठीची कात्री रुमालात गुंडाळून तुम्ही माझ्या बॅगेत ठेवलीत. "तिकडे कात्र्या मिळतात हो," म्हणून मी ती परत काढून टेबलावर ठेवली. तुम्ही रुमालाची घडी तेवढी केलीत.

पुढचं तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही वॉटफर्डला एका केशकर्तनालयाच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, मी आणि तुमची सून. पुण्यात कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवणारी बाई तिथे खिडकीत बसून खालच्या बसेस बघायची. मी सकाळी सातची ट्रेन पकडून लंडनला जायचो, संध्याकाळी यायचो, जेवायचो आणि टीव्हीसमोर बसायचो. नोव्हेंबरात ती म्हणाली, "मी आज दिवसभरात फक्त बस ड्रायव्हरशी बोलले. थँक्यू म्हणाले. दॅट्स इट." मी म्हणालो, विकेंडला कुठेतरी जाऊ. गेलो नाही. जानेवारीत तिने भारताचं तिकीट काढलं, पंधरा फेब्रुवारी, रविवार, नुसतं जायचं. परतीचं का नाही, हे मी विचारलं नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं. त्या चार आठवड्यांत मी आतून पार हबकून गेलो होतो. ऑफिसात स्क्रीनवरच्या ओळी दिसायच्या नाहीत. घरी मात्र मी तिला सूटकेसचं वजन करून द्यायचो.

आणि मग मला आई आठवली. आत्याच्या कुठल्याशा बोलण्यावरून आई महिनाभर माहेरी जाऊन बसली होती, ते वर्ष. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, ती आली नाही. एका दुपारी वरात पोचवून झाल्यावर तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, गाडी तशीच इस्लामपूरला घे. मला वाटेत कॉलेजवरून उचललंत. निशिगंधाच्या माळा, क्रेपच्या झिरमिळ्या, काचेवर कुणा परक्याच्या लग्नाची नावं, आणि मागच्या सीटवर मी, मान खाली घालून. आजोळच्या बोळात गाडी शिरली तशी अख्खी गल्ली नवरदेव बघायला बाहेर आली. आई दारात आली, तिने गाडीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, आधी ती फुलं उतरवा. लोक बघतायत." तुम्ही उतरवायला लागलात. मग तीही पायऱ्या उतरून आली. बॉनेटवरच्या माळेचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं तिच्या, आणि तुम्ही दोघं मिळून गाडी मोकळी करताय. अर्ध्या तासाने ती गाडीत बसली. हा किस्सा पुढे मी मित्रांना कितीदा तरी रंगवून सांगितला. सांगून सांगून माझी समजूत अशी झाली की आईला डेकोरेशनने परत आणलं.

म्हणून चौदा तारखेला, शनिवारी सकाळी दहाला, मी तुमच्या सुनेला म्हणालो, "तू जरा बाहेर जाऊन ये ना. चार वाजेपर्यंत येऊ नकोस." ती म्हणाली, "आज?" मी म्हणालो, "प्लीज." ती कोट घालून गेली. मी धावतच, एका पौंडाला काहीही मिळतं त्या दुकानात गेलो आणि दिसेल ते उचललं: लाल आणि गुलाबी क्रेप, चमकीची बाटली, रंगीत कार्ड, पांढरा दोरा, लहान मुलांची बोथट टोकाची कात्री. गल्ल्यावरच्या बाईने तिकडच्या बोलायच्या सवयीने विचारलं, "लिटल गर्लसाठी का, लव्ह?" आम्हाला मूल नव्हतं. मी हो म्हणालो. घरी येऊन जमिनीवर बसलो आणि पहिला बदाम कापला तर त्याचे दोन तुकडे हातात आले. दुसऱ्याचेही तेच. कुणाला त्यात अर्थ दिसेल. अर्थ काही नव्हता, मी दुमडलेला कागद उलट्या बाजूने धरला होता. मग तुमचं बोलणं आठवलं, घडीच्या बाजूने, अर्धाच. ती कात्री क्रेप कापत नव्हती, चावत होती. तुमची कात्री तेव्हा मला इतकी हवी होती की मी चक्क रडलो, एकटाच, मांडीवर चमकी सांडलेली. खिडकीकडची भिंत ओलसर, तिच्यावर सेलोटेप टिकेना, तेव्हा भांड्यात मैदा शिजवून तुमच्यासारखी खळ केली. ती गुठळ्यांची झाली, पण धरली. खिडकीपासून दारापर्यंत क्रेप पिळून माळ बांधली, तिला दोऱ्याने बदाम लटकवले, आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल पावाच्या सुरीने कापून आमची दोघांची नावं केली. मधे काय लिहावं सुचेना. तुम्ही आमच्या गाडीवर लावलं होतं तेच लावलं, 'वेड्स'. लग्नाला चार वर्षं झालेली होती.

चारला पाच मिनिटं असताना दारात किल्ली फिरते. तिचे कान थंडीने लाल झालेले आहेत, हातात पिशवी नाही, काही विकत घेतलेलं नाही. ती खोलीभर नजर फिरवते, नावं वाचते आणि हसते. खरंच हसते. "हे काय रे, हॉल घेतलायस का?" माझ्या जिवात जीव येतो. ती एका बदामाला बोट लावते, चमकी बोटाला लागते, ती तशीच खुर्चीच्या कडेवर बसते, कोट न काढता.

"हे सगळं तू केलंस? सकाळपासून?"

"हो. म्हटलं, तुला..."

"मी कुठे होते माहितीये? शॉपिंग सेंटरमध्ये. दोन वेळा कॉफी घेतली. मग बेंचवर बसले. सगळीकडे कपल्स. सिक्युरिटीवाला येऊन विचारून गेला, आर यू ऑल राइट." ती बोटावरची चमकी कोटाला पुसत होती. "अरे, शेवटचा दिवस होता आपला. आणि तू मला बाहेर पाठवलंस."

मी इतका घाबरलेला होतो की घर सजवत बसलो आणि जिच्यासाठी सजवायचं तिला सहा तास घराबाहेर ठेवलं, हे मला ती म्हणेपर्यंत दिसलंच नव्हतं. जाऊ नकोस, एवढे दोन शब्द मी चार आठवड्यांत म्हटले नव्हते. तेव्हाही म्हटले नाहीत.

ती उठली. "भिंतीला डाग राहिले तर भाड्याचा एजंट कटकट करेल, आत्ताच काढून टाकू," असं अगदी साध्या आवाजात म्हणाली. खुर्चीवर चढून तिने खिडकीपाशी माळेचं एक टोक सोडवलं आणि ते धरून ती थांबली. दुसरं टोक दाराच्या चौकटीला होतं, माझ्या डोक्याशीच. ती माझ्याकडे बघत होती. "पकडतोस का?" तिने विचारलं.

ती दुसऱ्या दिवशी गेली, अण्णा, आणि आली नाही. पुढे कागदपत्रं झाली. पुण्यात ती पुन्हा शिकवायला लागली असं ऐकलं. आई अजून फोनवर मधेच विचारते, नेमकं काय झालं रे तुमचं, आणि मी सांगतो की मी सगळं करून पाहिलं, तिला राहायचंच नव्हतं. लोकांनाही इतकी वर्षं हेच सांगत आलो. आईला खरं सांगितलं तर तिला ती माळ आठवेल आणि ती गप्प होईल, ते मला सोसणार नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितोय, जिथे पोचणार नाही तिथे.

ती पकडतोस का म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेलो. चहा टाकला नाही. खळीच्या भांड्यापाशी उभा राहून, ती एकटी खुर्ची सरकवत सगळं उतरवत होती ते ऐकत राहिलो.