पोपटी दोरी

४ जानेवारी, रविवार

नाही विकणार! एकदा सांगितलं, दहादा सांगीन.

संजनाचा फोन होता. तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी नीलेशचा फ्लाय फिशिंगचा अख्खा सेट हवाय – रॉड, रील, रीलवर गुंडाळलेली लाइन. ऑगस्टात झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात हलत नाही, मग किती दिवस सांभाळणार, म्हणे. लेक माझीच, पण बोलते शेजाऱ्यांसारखं. फोन ठेवला आणि दोरी धुवायला काढली.

नीलेश तिला 'लाइन' म्हणतो. मी दोरीच म्हणणार. पोपटी रंगाची, वर मऊ प्लास्टिकचं आवरण. या प्रकारात गळाला पिसांची खोटी माशी असते, तिला वजन नसतं, म्हणून दोरीच्याच वजनावर फेकायची. मळली की दोरी बुडते. वर्षातून एकदा नीलेश उत्तराखंडात जायचा, मासा पकडायचा आणि परत सोडून द्यायचा! माझी आई म्हणायची, जावयाचे मासे फक्त फोटोत शिजतात.

कोमट पाणी, बेबी शाम्पूचे दोन थेंब. वापरातली पुढची निम्मीच उलगडायची, बाकीची रीलवर तशीच. तो बरा झाला की दोरी तयार हवी. बस.

११ जानेवारी, रविवार

संध्याकाळी देवापुढे दिवा, मग नीलेशच्या हातापायांना डासांचं क्रीम, मग दोरी. रविवारचा माझा नेम. खाडीवरून डासांचे थवे येतायत. मेडिकलवाल्याने आता जास्त कडक क्रीम दिलंय.

दोरी वाळायला आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत बांधली. सेक्रेटरी परब आलेच. कॉमन पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायचे नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, यात कपडा दाखवा, लगेच काढते. वाकून खालून गेले. जाताना पुटपुटत होते – पुटपुटोत!

आत नीलेशने टीव्हीचा आवाज वाढवला. दोरी काढली की हल्ली वाढवतोच.

१४ जानेवारी

परबांना तिळगूळ दिला. गोड बोलायचं त्यांनी. मी नुसता दिला.

१८ जानेवारी, रविवार

दोरी चिकट झालीय! बोटाला बोट चिकटतं. पुढच्या भागाला भेगा पडल्यात. पॅसेजमध्ये परब ते उग्र फिनेल मारायला लावतात ना, त्याचाच वास लागला असणार. तडक परबांच्या दारात गेले आणि नाही नाही ते बोलले. बिचारे जेवत होते. मला काही वाटलं नाही.

१९ जानेवारी

वाटलं. सकाळी दोरी नीलेशपुढे धरली, तर त्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, 'डासांचं क्रीम. प्लास्टिक खातं ते.'

म्हणजे मीच! त्याला क्रीम लावायचं आणि त्याच हातांनी दोरी धरायची. मग आधी का नाही बोललास, विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, 'जाते तर जाऊ दे. संजनाला गिऱ्हाईक बघायला मीच सांगितलंय.'

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दर रविवारी मी त्याच्यासमोर त्याचं गेलेलं सगळं धूत बसले होते, आणि तो टीव्हीचा आवाज वाढवत होता.

परबांची माफी मागायला गेले. त्यांनी चहा पाजला. हे आणखी वाईट.

२२ जानेवारी

घरात अबोला. कामापुरतं बोलतो.

मीही विचार केला, देऊन टाकू. रॉड हातात घेतला, पुसला, ठेवायला गेले – हात सुटेना. सहा महिने मी या घरात औषधं, बेडपॅन, हाताचे पट्टे, फिजिओ, एवढंच करतेय. ती दोरी धुताना तेवढा वेळ मी नर्स नव्हते. तेवढं मला हवंय. त्याच्यासाठी नाही, मला!

२५ जानेवारी, रविवार

संजना गिऱ्हाईक घेऊन आली. मुलगा सभ्य होता, चपला नीट काढल्या. मी म्हटलं, पाणी घ्या, पण विकायचं नाही.

नीलेश पलंगावरून म्हणाला, 'रसिका, वस्तू माझी आहे.'

'होती. दोरी मी धुतली, बिघडवलीही मीच. आता ती माझी. मी फेकायला शिकणार. तुला शिकवायचं नसेल तर नको शिकवूस.'

संजना कपाळाला हात लावून बसली. या वयात, आई? – होय, या वयात! मुलगा चहा पिऊन गेला. दोघं गेल्यावर मी भेगा पडलेली दोरी मांडीवर घेतली. मग नीलेश छताकडे बघत म्हणाला, ही लाइन दोन्ही टोकांनी सारखी आहे, रीलवर उलटी गुंडाळ, आतलं टोक कोरं आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

जेसल पार्कच्या खाडीकाठी. गळाऐवजी लोकरीचा तुकडा. पहिल्या फेकीला दोरी माझ्याच गळ्यात, दुसऱ्या फेकीला नीलेशच्या व्हीलचेअरमध्ये. फिरायला आलेले एक गृहस्थ विचारून गेले, 'आंटी, मछली मिली क्या?' नीलेश ओरडत होता – मनगट नको वळवू, मनगट! घसा बसला त्याचा.

घरी आलो. डास चावत होते, मी क्रीमची ट्यूब उघडली. त्याने डावा हात मागे घेतला.

'थांब. आधी दोरी पुसू दे.'