हिरव्या स्फटिकाखालची निळी रेघ

१२ जानेवारी, रविवार

शिरूर. आमच्या दगडवाल्या, म्हणजे स्फटिक जमवणाऱ्यांच्या ग्रुपचं प्रदर्शन, मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलात. मधल्या टेबलावर दौंडच्या हुसेनभाईंचा नमुना. ते विहिरी खोदतात; केंदूरच्या विहिरीतला दगड यारीनं, त्यांच्या क्रेननं, वर ओढताना हा निघालेला. मलईच्या रंगाच्या स्टिल्बाइट खनिजाच्या गादीवर अपोफिलाइटचा एकच स्फटिक, उभा, अंगठ्याएवढा, हिरवा. टोक शाबूत, चारही कडा शाबूत. असा खडा आपल्या भागात मी पाहिलेला नाही.

सवयीप्रमाणे डोक्यावरून काळं कापड घेऊन यूव्ही टॉर्च मारली. व्यापारी लोक सुटा स्फटिक दुसऱ्याच दगडावर डिंकानं बसवून विकतात. तो डिंक टॉर्चखाली निळसर पांढरा चमकतो. असे पुष्कळ पकडलेत मी, त्यावरच नाव आहे. खड्याच्या बुडाशी निळी रेघ. सलग.

"चिकटवलाय," म्हणालो. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

हु.भाई आधी हसले. "दिलीपराव, चेष्टा करताय व्हय? माझ्या यारीच्या बादलीतनं वर आलाय ह्यो. मी सोता उचललाय."

"टॉर्च कुणाला ओळखत नाही, हुसेनभाई."

लोक हसले. नमुना मीच उचलून टेबलाखालच्या खोक्यात ठेवला. त्यांच्या मिसेस, रुबिनाभाभी, काहीतरी सांगत होत्या, "भाऊजी, तुमी सांगितलं तसंच धुतलंय ओ..." ऐकून घेतलं नाही. दोघं न जेवता गेले.

१३, सोम.

कंपनीत लक्ष नाही. सौ. म्हणाली, "बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?" मी म्हणालो, "क्वालिटीत रिजेक्ट माल बाजूला घेऊन कुजबुजत नाहीत." बोललो खरं.

ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, 'दौंड स्पेशल! खडे बसवून मिळतील.' खाली हसण्याच्या बाहुल्यांची रांग. हु.भाईंनी वाचलेलं दिसतंय. मी काही लिहिलं नाही. एक शब्द लिहिता आला असता.

१६, गुरु.

सकाळी बाथरूममध्ये माझाच एक स्टिल्बाइट धुण्याच्या पावडरीत भिजवून धुतला. दार लावून, दिवा बंद करून सहज टॉर्च मारली. भेगांमध्ये निळी रेघ. हा दगड तर मी स्वतः फोडून काढलेला, डिंकाचा संबंधच नाही. मग बघतो तर दोरीवरचा टॉवेल निळा. बनियन निळा.

"पावडर!" ओरडलोच. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत काहीतरी घालतात, ते चमकतं. दगड साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळखळला, मऊ ब्रश फिरवला, परत टॉर्च. रेघ गेली.

प्रदर्शनाआधी भाभींना फोनवर पावडरीत भिजवायला मीच सांगितलं होतं. मग भरपूर पाण्यानं खळखळा, हे सांगायचं राहिलं. त्या हॉलात तेच सांगत होत्या.

शंका आली तर कापसावर एसिटोन घेऊन पुसून बघतात, डिंक असेल तर सुटतो. हे मी नवीन लोकांना शिकवतो. बाटली बॅगेतच होती. काढली नाही, कारण... कारण लोक बघत होते.

१७, शुक्र.

फोन केला नाही. मेसेज लिहिला, 'सदर नमुन्याची फेरतपासणी व्हावी असे वाटते.' वाचला. कंपनीतल्या नोटिशीसारखा. पुसला. हे कबूल केलं तर आधी पकडलेल्यांचंही लोक विचारणार. ते तरी नक्की डिंकच होते का? एसिटोन किती जणांना लावलं मी?

संध्याकाळी नंबर काढला, ठेवला. उद्या सुट्टी आहे, तेव्हा निवांत बोलू.

१८, शनि.

गाडी सर्व्हिसिंगला टाकली. गरज नव्हती.

१९, रवि.

न्हावऱ्यामार्गे दौंड. हु.भाई अंगणात यारीच्या वायररोपला ग्रीस लावत होते.

"या, साहेब."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेब. उभ्याउभ्याच सांगितलं सगळं. पावडर, टॉवेल, माझी चूक. ते फडक्यानं एकेक बोट पुसत ऐकत राहिले. मग आत गेले आणि स्टीलच्या ताटात दोन तुकडे घेऊन आले.

"परवा काढला, छिन्नीनं. म्हटलं, एवढं जाणतं मानूस म्हणतंय तर आपुनच बघू कुठं डिंक हाय."

खडा बुडाच्या जरा वर आडवा, सपाट तुटलेला. अपोफिलाइट तसाच तुटतो. तुटल्या जागी मोत्यासारखी तकाकी. खालचं बूड स्टिल्बाइटमध्ये रुजलेलं, जसं वाढलं तसंच. डिंक कुठला.

"तुमाला कवा कळलं?"

"काल," म्हणालो.

का म्हणालो? परवा म्हणजे शुक्रवार. मला गुरुवारी सकाळी कळलं होतं. एक फोन केला असता तर छिन्नी लागली नसती.

भाभी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, तुमी एवढं जाणता. नीट चिकटवून तरी द्या की."

हु.भाई म्हणाले, "नको. आता चिकटवला तर साहेबांचं खरं व्हईल."

भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. तेही हसले थोडं. मी कपात बघत बसलो.

२०, सोम.

ग्रुपवर सविस्तर लिहिलं. नमुना अस्सल, चूक माझी, हुसेनभाईंची आणि भाभींची जाहीर माफी. टॉर्चखालच्या टॉवेलचा फोटोही टाकला. सगळं खरं लिहिलं, फक्त 'शनिवारी लक्षात आलं' एवढं सोडून.

धडाधड अंगठे. 'याला म्हणतात मोठं मन.' 'आमचे खरे गुरू.' दौंड स्पेशलवाला पण हात जोडून गेला, मला. खडा गेला त्यांचा आणि कौतुक माझं. हु.भाईंसाठी कुणाची एक ओळ नाही. वाचताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

सौ.नं वाचलं. "शनिवारी? अहो, गुरुवारी बाथरूममधनं ओरडलात की 'पावडर' म्हणून. मी पोळ्या करत होते."

फोन खिशात घातला.

२२, बुध.

जेवणाच्या सुट्टीत हु.भाईंचा फोन. आवाज मोकळा, पहिल्यासारखा.

"दिलीपराव, वाचलं बरं का. पोरीनं घरात समद्यांला मोठ्यानं वाचून दाखवलं. जाऊ द्या आता. जमिनीत काय कमी हाय का, दुसरा निघंल. पन एक सांगतो, कळल्याबरोबर दुसऱ्या दिशी गाडी काढून आलात तुमी. दुसरं कोन आलं नसतं."

मागं प्रेस मशीन चालू होती. ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. "हं," म्हणालो.

"रविवारी जेवायला या. रुबिना म्हनती, वहिनींलाबी आना."

येतो म्हणालो.

घरी सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "येते की. पण भाभींनी मला काही विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

उद्या फोन करतो हु.भाईंना. शिफ्ट सुटल्यावर.