एकशे सव्वीस डब्यांचे दोरे

कॅम्प-१, भिलाई
बुधवार

आदरणीय ललिता मावशीस करिष्माचा मनापासून जय भीम. देवाजी काकांनाही सांगावा. इकडे आईची कंबर सोडली तर आम्ही सारे ठीक आहोत, आणि कंबर धरून का होईना, आई रोज तुझी आठवण काढते. तुझा गुडघा कसा आहे? काकांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाडीची शिटी ऐकून ते अजून अंगणात येऊन उभे राहतात का, हेही कळव. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण मी आभार मानायला लागले की तू फोन काकांच्या हातात देतेस आणि ते मला तुमसरचं हवामान सांगतात. म्हणून पत्र. यातून तुला मधेच उठून जाता येणार नाही.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण गेल्या वेळी तू शेजारणीला "पोरगी कम्प्युटरात आहे" एवढंच सांगितलंस आणि तिने तिचा बंद पडलेला टीव्ही माझ्यासाठी राखून ठेवला. जुनवानीच्या आमच्या ऑफिसात अंकुर प्रोग्राम लिहितो, पडद्यावर काय कसं दिसेल ते नीतू ठरवते, कमलेश सर सगळ्यांना घाई करतात आणि मी बिझनेस ॲनालिस्ट. म्हणजे ॲप ज्यांना वापरायचं आहे त्यांना विचारायचं, आणि त्यांना खरोखर काय हवं आहे ते बनवणाऱ्यांना समजावून सांगायचं. वर्षभराची योजना आखत बसायचं नाही. दोन आठवड्यांत थोडं बनवायचं, दाखवायचं, चुकलं तर तिथेच सुधारायचं. याला एजाइल पद्धत म्हणतात. विचारण्याच्याही रीती असतात आणि त्यांचा मी तीन महिन्यांचा कोर्स केला आहे (सर्टिफिकेट आईने फ्रेम करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं आहे, त्यामुळे घरात चूक कबूल करणं फार अवघड झालं आहे).

कमलेश सरांना खानावळींसाठी ॲप बनवायचं आहे. पहिला प्रयोग कुठे करायचा म्हटल्यावर मीच फुशारकीने तुझ्या डब्यांच्या खानावळीचं नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तू ती सिंधुताईंच्या हाती सोपवून गेलीस. त्या ॲपला तयार झाल्या त्या केवळ माझ्या शब्दावर, "ललिताबाईची भाची आहे" म्हणून. त्या खानावळीवर नऊ बायकांची घरं चालतात, हे तुला मी काय सांगू.

मी तीन आठवडे मुलाखती घेतल्या. एका रीतीप्रमाणे कुठल्याही अडचणीला पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे तिच्या मुळाशी पोचता येतं. ती मी डबे पोचवणाऱ्या नत्थूकाकांवर वापरली. उशीर का होतो? सायकल पंक्चर होते. ती का? टायर जुना आहे. तिसऱ्या 'का'ला त्यांनी टोपी काढून हातात घेतली, चौथ्याला घरी गेले आणि भावाला साक्षीदार म्हणून घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, कुठं सही पाहिजे ते सांगा, करून देतो. पन हे कावून-कावून नका करू. मले एवढ्यांदा एकदाच विचारलं होतं, अन् ते चौकशीत होतं."

बायकांना विचारलं, सगळ्यांना एकच जेवण जातं का? नऊच्या नऊ जणी म्हणाल्या, एकच भाजी, एकच वरण. मी तसंच लिहून घेतलं. मग आम्ही कामांची प्रतवारी केली (आत्ताच हवं, असावं, असलं तर बरं, आणि पुढे बघू). 'गिऱ्हाइकाची विशेष सूचना' हा रकाना अंकुरने 'पुढे बघू'मध्ये टाकला आणि मी मान हलवली. सिंधुताई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होत्या. त्यांना पटतंय असं मी धरून चालले. त्या बिचाऱ्या तुझ्या भाचीचा मान राखत होत्या.

रविवारी प्रत्येक डब्यावर मोबाइलने स्कॅन करायची पट्टी चिकटवायची होती. बघते तो सगळ्या डब्यांच्या कड्यांना रंगीबेरंगी, तेलकट नायलॉनचे दोरे, त्यांना गाठी. नीतू म्हणाली, फोटोत वाईट दिसतील. मी कात्री घेतली आणि दीड तासात एकशे सव्वीस दोरे कापले. कचरागाडी आली तेव्हा पिशवी टाकायला धावतही मीच गेले. (तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू काकांना पंखा बंद करायला लावलास आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलंस.)

तुझीच गोष्ट तुला सांगते आहे, पण ती मला कशी कळली ते ऐक. दोऱ्याचा रंग म्हणजे गल्ली आणि गिऱ्हाइकाची कामाची पाळी. तो नत्थूकाका पाहायचे. गाठ म्हणजे जेवण. ती भरणाऱ्या बायका पाहायच्या. एक गाठ बिनतिखट, दोन गाठी बिनमीठ. भाजी एकच, फक्त थोडी थोडी आधीच दोन वेगळ्या पातेल्यांत काढलेली. मी जे विचारलं त्याचं उत्तर बायकांनी अगदी खरं दिलं होतं. पण कुणाच्या डब्याला कोणता दोरा आणि किती गाठी, हे जवळजवळ सगळं ठाऊक असलेली बाई एकच, आणि ती तुमसरला बसून मेथी निवडत होती.

सोमवारी ॲपच्या भरवशावर सगळे डबे सारखेच भरले गेले. बीपीवाल्या प्रेमानंदभाऊंना मीठ घातलेली भाजी गेली, पोटाचं ऑपरेशन झालेल्या शेषरावांना झणझणीत, आणि रात्रपाळी करून नुकत्याच झोपलेल्यांच्या दारावर सकाळी आठला थाप पडली. एकटा धोंडबा खूश होता. बायकोच्या हुकमावरून तो चार वर्षं बिनतिखट खात होता. त्याने फोन करून सांगितलं की ॲप फार छान आहे, त्यात आता काही दुरुस्ती करू नका. बाकी एकतीस जणांनी डबा बंद म्हणून कळवलं. सिंधुताई कणकेच्या हातानेच फोन उचलायच्या, ऐकायच्या, ठेवायच्या आणि पुढचा उचलायच्या. एकतीस डबे गेले तर नऊपैकी दोघी तरी घरी बसणार होत्या.

चार वाजता तुला फोन केला. साडेसहापर्यंत तू कागद न बघता सांगत होतीस आणि मी लिहीत होते. मधे एकदा कुकर उतरवायला उठलीस, तेवढीच विश्रांती. मग तीन गाठींचे आले. तू म्हणालीस, "तो डबा हाती द्याचा. फाटकाले टांगाचा नाही. दोन शब्द बोलाचे." अशी चौदा माणसं. मी का म्हणून विचारलं, एकदाच. तू म्हणालीस, "एकटे आहेत न बाई ते." मावशी, मी तेव्हा रडत होते. माझ्या वहीत अडतीस पानं मुलाखती होत्या आणि त्यात ही चौदा माणसं कुठेच नव्हती.

तुझ्यानंतरच्या अकरा गिऱ्हाइकांच्या गाठी सिंधुताईंना पाठ होत्या. त्याच संध्याकाळी मी यादी वाचत गेले आणि बायकांनी दोरे बांधले. दोरे कुठे गेले हे एकीनेही विचारलं नाही (त्याचं कारण खाली लिहिते). कमलेश सरही बसले होते, पण ते बुटाची लेस बांधल्यासारखी गाठ मारत, आणि सिंधुताई ती सोडून पुन्हा बांधत. मंगळवारी सगळे डबे बरोबर गेले. मी आणि सिंधुताई एकतीस घरी माफी मागायला गेलो. आज दुपारपर्यंत सत्तावीस जण परत आले. विशेष सूचनेचा रकाना अंकुरने सगळ्यात वर नेला आहे. दोरा राहील, पट्टी त्याच्या खाली.

नऊ बायकांचं काम तू वाचवलंस, आणि माझी लाजही राखलीस. एवढं करून तू मला शेवटी "जेवली का" म्हणून विचारलंस. नव्हते जेवले. तुझे उपकार कुठल्या रकान्यात लिहावे मला कळत नाही, म्हणून पत्रात लिहिले.

तुझ्या हाताखाली अजून शिकायची राहिलेली,
करिष्मा

ता. क. कमलेश सरांना मी सांगितलं की ही माहिती मला "बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या ज्येष्ठ तज्ज्ञ ललिता मॅडम" यांच्याकडून मिळाली. तू माझी मावशी आहेस हे सांगायचं राहून गेलं. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी मोहन नगरच्या खानावळवाल्यांपुढे ॲप दाखवायचं आहे आणि सरांना तिथे तज्ज्ञ हव्यात. तिकीट सोबत जोडलं आहे. साडी कोणतीही चालेल.

ता. क. दुसरा. तिकीट शुक्रवारचं काढलं आहे, कारण आधी तुझ्याशी एकटीशी बोलायचं आहे. डबे धुताना दोरे सोड्याच्या पाण्यात विरून गेले असं मी सिंधुताईंना सांगितलं होतं. कात्रीचं फक्त तुला ठाऊक आहे. नायलॉन सोड्यात विरत नाही, हे कृपा करून तिथे कुणाला सांगू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मला राहवेना, मी जाऊन सिंधुताईंना खरं सांगून आले. त्या पोळ्या लाटत होत्या, थांबल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी खिडकीतून पाहूनच राहिली होती तुले कापतानी. मले वाटलं, एवढी शिकलेली पोरगी आहे, कोनाले तरी विचारूनच कापत असन." आता तुला गप्प बसवण्यासाठी बोलवायचं कारण उरलं नाही. तरी ये.