बाक कुठे बसवायचा

३ मार्च
अखेर यांना जाग आली. महापालिका आमचा रस्ता नव्याने करणार आणि कसा करायचा ते रहिवाशांना विचारणार. तसं पत्रक फाटकात खोचून गेले आहेत. पत्रकात 'रहिवासी' असं म्हटलंय, पण रोख कोणाकडे आहे ते उघड आहे. रस्ते विभागातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेला दुसरा कोण आहे इथे?
संकल्प: स्वतःहून पुढे पुढे करायचं नाही. लोक आग्रह करतील. दोनदा नाही म्हणायचं, मग अध्यक्ष व्हायचं.
समोरचा पाणबुडाही मीटिंगला येणार म्हणे. हे नाव मी ठेवलेलं, फक्त मनात. जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते. मला काका म्हणते. या वयातही त्याला पोट नाही. ज्याला दुसरं काही काम नसतं त्याचं पोट सुटत नाही.

५ मार्च
शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग. महापालिकेची आर्किटेक्ट म्हणजे अगदी लहान मुलगी. तिने विचारलं, या रस्त्यावर तुम्हाला काय करावंसं वाटतं? मी उठून रस्त्याची रुंदी, गटाराचा उतार आणि अग्निशमन दलाचा बंब वळायला लागणारी जागा, असं सगळं सविस्तर मांडलं. बंबाचा मुद्दा तर तीनदा मांडला. लोक इतके तल्लीन झाले की दोघांचे डोळे मिटले.
नंतर पाणबुडा उठला. म्हणाला, "मला बसावंसं वाटतं." आणि बसला.
टाळ्या झाल्या. मी नीट विचार केला. त्या माझ्या भाषणाच्याच असणार, लोकांना जरा उशिरा सुचल्या. हिनेही वाजवल्या. माझ्या भाषणाच्या वेळी हिच्या हातात पर्स होती.
अध्यक्ष कोणालाच केलं नाही. तशी पद्धतच नाही म्हणे.

६ मार्च
चहाच्या वेळी हिला सहज विचारलं, त्या बसण्याच्या वाक्यात एवढं काय होतं? ही म्हणाली, काही नाही, खरं होतं एवढंच. मी म्हणालो, बसायला आपल्या घरात चार खुर्च्या आहेत. ही म्हणाली, हो, आहेत खऱ्या.
विषय संपला. मुद्देसूद बोललं की असं होतं.

१२ मार्च
आज रस्ता वाहनांना बंद. प्रत्येकाला रंगीत खडू दिले आणि सांगितलं, तुम्हाला जिथे जे हवंय ते तिथेच जमिनीवर काढा. माझ्या काळात असला पोरखेळ कोणी खपवून घेतला नसता. तरी मी दोरी धरून रस्त्याच्या दोन्ही कडा आखल्या. अशी सरळ रेघ या गल्लीने पाहिली नसेल.
पाणबुड्याने त्याच्या दारापासून लाटा काढल्या. लोक त्यांत मासे काढायला लागले. माझ्या रेघेत कोणी काही काढलं नाही, आदर म्हणून.
ही त्याच्या दारातल्या झाडाखाली उकिडवी बसून हिरव्या खडूने झाड काढत होती. हिला चित्रं काढता येतात हे मी विसरलोच होतो. चांगलं चाललं होतं. मी जवळ जाऊन सांगितलं की प्लॅनमध्ये झाड नुसत्या गोलाने दाखवतात. तिचा हात थांबला. पाणबुडा तिकडून म्हणाला, "वहिनी, पानं राहू द्या, पानांमुळे मजा आलीये." हिने पुन्हा काढायला घेतलं.
वहिनी. मी त्याचा भाऊ कधी झालो ते कळलं नाही.

१४ मार्च
विजय. आर्किटेक्टने जाहीर केलं की रस्त्याची रुंदी अजिबात कमी होणार नाही, कारण बंबाचा मुद्दा योग्य होता. फुटपाथ रुंद करायचा, बाग करायची वगैरे बाकीच्यांचे लाड त्यामुळे बारगळले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. कौतुकच असणार.
उरला एक बाक. अख्ख्या रस्त्याला एकच. तो कुठे हवा तेही लोकांनीच ठरवायचं. सध्या हलका लाकडी बाक ठेवणार, ज्याला वाटेल त्याने उचलून वाटेल तिथे न्यावा. महिनाअखेर तो जिथे सापडेल तिथे सिमेंटमध्ये पक्का.
जागा लोक ठरवत नसतात, ड्रॉइंग ठरवतं. मी ड्रॉइंग केलं. जागा आमच्या फाटकासमोर येते.

१६ मार्च
बाक काल आला. संध्याकाळपर्यंत पाणबुड्याच्या झाडाखाली पोचलासुद्धा. पाच-सहा जण बसायला, म्हणजे तिघे बसलेले आणि बाकीचे त्याच्या पायरीवर. ही पायरीवर.
जेवणानंतर सगळे आत गेल्यावर मी बाक आमच्या फाटकाशी आणला. सार्वजनिक हितासाठी.

१७ मार्च
सकाळी बाक पुन्हा समोर. हा माणूस पोहून पोहून निर्लज्ज झालाय. मी पुन्हा आणला.

१९ मार्च
पुन्हा तेच. कंबर धरली. हिला सांगितलं, कुंडी उचलली. हिने मलम चोळून दिलं आणि कुठली कुंडी ते विचारलं नाही.
उद्या चोराला रंगेहाथ पकडायचं.

२० मार्च, सकाळ
पडद्यामागे उभा राहिलो. उजाडताच पाणबुडा आला. बाकाचं एक टोक त्याने धरलं. दुसरं टोक हिने.
ही. फिरायला जायचे बूट घालून. मला वाटायचं, ही रोज सकाळी फिरायला जाते.
रस्त्याच्या मधोमध त्यांनी बाक खाली ठेवला, कारण दोघांना हसू आवरत नव्हतं. हिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवून बघितलं. मुलीच्या लग्नात बहुतेक. तेव्हाही मी केटररशी बोलत होतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.
मला फार वाईट वाटलं.
धाप लागली की हसल्यासारखं दिसतं, हेही खरं आहे.

त्याच दिवशी, दुपार
मी काही विचारणार नव्हतो. हिनेच विषय काढला. म्हणाली, "अहो, तिथे बसलं की कोणीतरी विचारतं, दिवस कसा गेला. तुम्हीही या की."
मी म्हणालो, माझा दिवस उत्तम जातो, मला विचारावं लागत नाही.
"मग माझा विचारा."
आता हा मुद्दा वेगळा आहे. विचारायला काहीच हरकत नाही. संकल्प: हिला दिवस कसा गेला ते रोज विचारणे. आज आर्किटेक्टला पत्र लिहायचं होतं म्हणून राहिलं.

२२ मार्च
विचारणार होतो, पण ही समोर गेली होती. तिथे तो विचारतच असणार. एकच प्रश्न दोघांनी विचारण्यात अर्थ नाही.

२३ मार्च
हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणि कुलूप आणलं. बाक परत आणून आमच्या फाटकाला बांधला. याला अडवणूक म्हणत नाहीत, सुरक्षा म्हणतात. सार्वजनिक मालमत्ता कोणी पळवली तर जबाबदार कोण? नर्सबाईंनी विचारलं, काका, बाकाला साखळी कशाला? मी म्हणालो, नियम आहे. कुठला ते विचारलं नाही त्यांनी.

२४ मार्च
बाक जागेवर. मी जिंकलो.
संध्याकाळी ही जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून समोर गेली. मी जेवायला बसलो. घरात आता तीन खुर्च्या.

३१ मार्च
आर्किटेक्ट पाहणीला आली. साखळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, हा रहिवाशांचा उत्स्फूर्त निर्णय आहे. तिने रस्त्यावरच सगळ्यांना विचारलं. नर्सबाई काहीतरी बोलणार होत्या, पण मधेच पाणबुडा शांतपणे म्हणाला, "राहू दे तिथेच. त्यांना हवाय तो."
आजारी माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला. मी भांडायला पूर्ण तयार होतो. नीट भांडूसुद्धा देत नाही हा माणूस. वर सगळ्यांच्या नजरेत थोर तोच ठरला, आणि ही त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जावं म्हणून मी दोरी धरून रेघा आखल्या होत्या.
साखळी काढली. निर्णय कायम. आमचं फाटक.

५ एप्रिल
बाक पक्का झाला. सिमेंट ओतताना मी स्वतः लेव्हल तपासली, केसभर फरक नाही. फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं हे मात्र ड्रॉइंगमध्ये राहून गेलं. आता अर्धंच उघडतं. अंग तिरपं करून बाहेर पडता येतं. पोट आत घ्यायची सवय लागेल, तब्येतीला बरंच आहे.
ही पहिल्या फटक्यात बाहेर पडली, दुसरी खुर्ची घेऊन. ती नर्सबाईंसाठी.

७ एप्रिल, संध्याकाळ
आज बाकावर बसलो. उद्घाटनच म्हणायचं. बाक तिघांचा आहे. मी मधे बसलो, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहील.
ऊन डोळ्यांवर येत होतं. झाड त्या बाजूला आहे. समोर आमच्या दोन खुर्च्या आणि पायरीभर माणसं. ही काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून, आणि सगळे ऐकत होते. काय सांगत होती ते इथवर पोचत नव्हतं.
आज आठवण ठेवून आलो होतो. तिने या बाजूला बघितल्याबरोबर विचारायचं, दिवस कसा गेला. तिने बघितलंही एकदा. हातही केला, या म्हणून असावा. पण इथून विचारायचं म्हणजे सगळ्यांसमोर ओरडावं लागलं असतं, आणि फाटकातून निघताना कंबर पुन्हा धरली होती.
रस्ता उगाचच इतका रुंद ठेवलाय.