टेपवरची शिंक

दादा,

त्या सायकेडेलिक रॉक बँडच्या कार्यक्रमात मी टेप करत होते आणि गिटार थांबून सभागृह चिडीचूप झालं, तेव्हा नेमका तू शिंकलास. "टेपची वाट लावलीस!" म्हणून मी जो अबोला धरला, तो आजतागायत.

आता ऐक. त्या कार्यक्रमाची तेवढी एकच टेप उरली आणि तिच्या प्रती घरोघर गेल्या. काल नव्या पोरांनी तेच गाणं वाजवलं. गिटार थांबली आणि अख्खं सभागृह एकदम शिंकलं! सगळ्यात मोठ्यांदा मी.

हे पत्र पाठवत नाही; लेखी पुरावा मिळाला तर तू जन्मभर माझ्या डोक्यावर मिरे वाटशील. रविवारची दोन तिकिटं घेऊन स्वतःच येते.

रुमाल आणू नकोस.

तुझीच,
नाकावर राग असलेली धाकटी