पाच घरांची माधुकरी

२ जुलै, बुधवार

झोळी शिवून आणली. शिंपी गुजराती, म्हणाला, काका, योगा मॅट माटे? मॅटसाठी का, म्हणून. मी हो म्हटलं. पाच घरी हिंडून शिजलेलं अन्न मागायचं, ही माधुकरी त्याला कुठे समजावत बसू. वर विचारतो, चेन लावून देऊ का. झोळीला चेन!

संसार अर्ध्यावर टाकून सुधाला जाऊन दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत काय काय केलं. ध्यानाचं शिबिर झालं, शेवटच्या दिवशी डोळे उघडले तर समोर फीडबॅक फॉर्म. मोबाइलवर प्रवचनं ऐकली, मोक्षाच्या ऐन मध्यात गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. हिमालयात जाऊन आलो, हेलिकॉप्टरने वर, फोटो, खाली. जाईन तिथे मी गिऱ्हाईक. मनातली जागा होती तेवढीच रिकामी. परंपरेत खरंच काही असेल तर ते फुकट मिळणारं आणि करायला अवघड असं असणार. आजोबांनी केलं ते तसं होतं.

६ जुलै, रविवार. आषाढी

घरी सांगून टाकलं. चातुर्मासभर दुपारचं जेवण माधुकरीचं, रात्री घरी दूध. दांडिया बाजारातली आपल्या जुन्या ओळखीची पाच घरं.

मंदारच्या हातातला साबुदाण्याच्या खिचडीचा चमचा तसाच राहिला. "म्हणजे भीक?"

चिरंजीव कंपनीत मॅनेजर आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या साहेबाला जेवायला बोलावलं होतं, तेव्हा यांनीच छाती फुगवून सांगितलं होतं, माझे पणजोबा कोकणातून बडोद्याला आले, पाच घरी माधुकरी मागून शिकले आणि संस्थानात वहिवाटदार, म्हणजे मामलेदार झाले. आमच्या घराण्यात मुंज असो, लग्न असो, ही गोष्ट होतेच. ऐकणारे माना डोलावतात. सांगायला ती माधुकरी आणि बाप निघाला की भीक.

सूनबाईंनी, केतकीने, एवढंच विचारलं की साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, ती मग कुठे घेणार. बँकेत आहे. तिला सगळ्याची वेळ लागते.

७ जुलै, सोमवार

हरणीच्या घरून दांडिया बाजार, दां. बा.पर्यंत रिक्षा केली. भिक्षेला रिक्षाने जाणारा घराण्यातला पहिला.

निमकरांचा जिना चढलो. निमकरवहिनी म्हणजे सुधाची मैत्रीण, चाळीस वर्षांची ओळख. 'ॐ भवति भिक्षां देहि' घरी दहादा म्हणून पाहिलं होतं, दारात आवाज फुटेना. शेवटी फुटला तो एवढा मोठा की समोरच्या ब्लॉकच्या हंसाबेन बाहेर आल्या. वहिनी म्हणाल्या, अहो आप्पा, आत या ना, चहा टाकते. मी झोळी पुढे केली. त्यांनी आधी जिन्यात खालीवर पाहिलं, कोणी बघत नाही ना. मग हळूच, मंदारचं आणि तुमचं काही झालं का?

दुसऱ्या घरी सुक्या मेव्याचा डबा, दिवाळीतला, वरचा कागदही काढलेला नाही. म्हटलं, शिजलेलं द्या. तिसऱ्या घरी, आधी फोन केला असता तर बरं झालं असतं. बाकी दोन घरी पोळी, भाजी, आणि दार लावल्यावर आतली कुजबुज.

देवळाच्या ओट्यावर बसून सगळं एकत्र कालवलं, वरून पाणी घातलं. आजोबा तसंच करायचे म्हणतात, जिभेला काही मिळू नये म्हणून. अगदी बेचव लागलं. बरं वाटलं.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

आमच्या घरचे जुने गुरुजी देवळात भेटले. झोळी पाहून म्हणाले, हे काय चाललंय? गृहस्थाला माधुकरीचा अधिकार नाही. ज्याच्या घरी चूल पेटते त्याने मागायचं नसतं.

मी म्हटलं, मग माझ्यासारख्याने काय करावं?

त्यांनी मोबाइल काढला, अंगठ्याने वरखाली केलं. लघुरुद्र करून घेऊ, श्रावणात एक सोमवार रिकामा आहे.

हात जोडले आणि निघालो. चूल पेटते म्हणून अधिकार नाही. आणि पोटात चूल विझलीय तिचं काय, ते शास्त्रात नसावं.

१५ जुलै, मंगळवार

सूर सापडतोय. आता आवाज खणखणीत निघतो. निमकरवहिनीही जिन्यात बघत नाहीत, दार उघडायच्या आत ताट तयार असतं. पहिल्या आठवड्यात सगळी घरं कशी अवघडलेली होती! आता सगळीकडे हसून वाढतात. म्हणजे देणाऱ्यालाही शिकावं लागतं.

अन्नही बदललंय. तेल बेताचं, गोड नाही, पोळ्या मऊ. दात काढल्याला महिना नाही झाला आणि मऊ पोळ्या. सांगितलं नव्हतं कोणाला.

२४ जुलै, गुरुवार

लिहू की नको असं होतंय.

काल पोट बिघडलं होतं. सकाळी चहाही घेतला नाही. तरी नेम मोडायचा नाही म्हणून गेलो. निमकरांकडे मुगाची मऊ खिचडी. दुसऱ्या घरी ताक. तिसऱ्या घरी पुन्हा खिचडी. कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही.

ओट्यावर बसून रडलो. सुधा गेली त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो. काल पाणी घातलं नाही. चवीने खाल्लं. कोणीतरी आहे. माझ्याकडे बघतंय. हा योगायोग नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मंदार घरी होता म्हणून जेवताना खिचडीचं सांगितलं. खरं तर सांगायचं नव्हतं, अशा गोष्टी झाकून ठेवाव्यात. पण दां. बा.तल्या दोघातिघांना सांगून झालंच होतं. परवा एका तरुण बाईने रस्त्यात वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. द्यावाच लागतो.

मंदार अर्ध्यातून उठला. केतकी ताटात बघत होती, म्हणाली, आप्पा, तुमचं पोट बरं झालं ना, मग झालं. हिशोबी मुलगी. हिला चमत्कार सांगा, ही विचारणार गोळी घेतली का. या पिढीला सगळं कळतं, उमगत काही नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

पान कोरं ठेवणार होतो. तरी लिहितो.

निमकरांचं दार बंद. मी भिक्षा पुकारली, समोरून हंसाबेन आल्या, हातात निमकरांची किल्ली. वहिनी डॉक्टरकडे गेल्यात म्हणाल्या, आणि मला खुर्ची दिली.

"बेसो ने काका. टिफिन हजी आव्युं नथी."

मला वाटलं त्यांच्या घरचं कोणाचं. म्हटलं, कसलं टिफिन?

"तमारुं." आणि अगदी सहज पुढचं सांगितलं, की रोज अकराच्या आत येतं, इथून मग बाकीच्या चार घरी वाटून जातं, आज उशीर झालाय.

मी बसलोच. उठायला हवं होतं. तेवढ्यात हेल्मेटवाला रायडर जिना चढून आला, मला डबा देऊन, काका, सही नहीं चाहिए, म्हणून गेलासुद्धा. स्टीलचा मोठा डबा. झाकणावर नाव कोरलेलं, सौ. सुधा. आमच्याच फडताळातला. तिनेच मांडवीच्या बाजारातून घेऊन नाव घालून आणला होता.

आत कारल्याची भाजी, मऊ पोळ्या, बिनसाखरेची कढी. पाच घरांचं अन्न एका डब्यात.

डबा हंसाबेनच्या हातात ठेवला आणि चालत सुटलो. संगमच्या चौकापर्यंत चाललो बहुधा. मग रिक्षा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बोललो नाही. दोघांशीही नाही. केतकीला कळलंय, निमकरांचा फोन आला असणार. सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, माझ्याकडे बघेना.

महिनाभर मी घरचंच जेवत होतो. फक्त नऊ किलोमीटर लांब जाऊन. आणि त्या खिचडीवर रडलो. मी रडलो, आणि ही ताटात बघत बसली. सगळ्या दां. बा.ला माहीत असणार. ती नमस्कार करणारी, तिलाही. नाटकातला साधू. महिनाभर खेळ, रोज दुपारी.

इतका राग मला कधी आला नव्हता. देवाचा म्हणावा तर तो यात कुठे होताच.

१८ ऑगस्ट, सोमवार

ठरवलं, ओळखीचं दारच नको. ओळखीच्या दारात मागतो तो पाहुणा, भिक्षेकरी नव्हे. अकोट्याला गेलो, पूल ओलांडून, जिथे कुत्रं ओळखत नाही अशी सोसायटी. खरं म्हणजे हेच आधी करायला हवं होतं.

गेटवर वॉचमनने मोबाइल पुढे धरला. कोणाकडे जायचं, कशासाठी. डिलिव्हरी, गेस्ट, सर्व्हिस, यातलं एक दाबायचं. म्हटलं, भिक्षा. तो हसला. मग माझ्या धोतराकडे, चष्म्याकडे, पायातल्या चांगल्या सँडलांकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. अगदी मऊ आवाजात, "दादाजी, घर भूल गये क्या?"

मी नाही म्हणत होतो. जितकं नाही म्हणावं तितकी त्याची खात्री पटत होती. खुर्ची, पाणी, कमिटीच्या एक बाई खाली आल्या. माझा फोन घेऊन त्यांनी मंदारला लावला. तुमचे फादर कन्फ्यूज झालेत, घेऊन जा.

मंदार मीटिंग सोडून आला. बाईंना थँक्यू म्हणाला, वॉचमनला थँक्यू म्हणाला. मला गाडीत बसवलं. पुलावर म्हणाला, "आप्पा, पणजोबांकडे काही नव्हतं म्हणून ते गेले. तुम्हाला काय कमी आहे ते एकदा सांगा. मी आणतो."

मी आणतो! हा आणणार. त्याच्या गालावरची शीर उडत होती. तोही रडवेला असावा, माहीत नाही.

घरी आल्यावर म्हणाला, हे आता बंद. नाहीतर मी डॉक्टरला दाखवणार. डोक्याच्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

केतकी बँकेतून आली ती पर्स न ठेवता माझ्या खोलीत. मी म्हटलं, खेळ केलात माझा.

ती उभ्याउभ्याच बोलली. पहिल्या आठवड्यातच निमकरकाकूंचा फोन आला होता. आप्पांना नाही म्हणायची लाज वाटते पण रोजचं जमणार नाही. मग दुसऱ्या घरून. मग तिसऱ्या. आठ दिवसांत पाचही घरं. चाळीस वर्षांच्या ओळखी.

म्हणजे ते हसून वाढणं त्या वेळी सुरू झालं, जेव्हा त्यांना काही द्यावं लागेनासं झालं.

"एक दिवस पाचही दारं बंद मिळाली असती. ते मला बघवलं नसतं, म्हणून पाठवत होते. मंदारला पटत नव्हतं, तरी पाठवत होते."

मी म्हटलं, बंद मिळायला हवी होती. तेच तर हवं होतं. तुझं अन्न मला चालत नव्हतं, भिक्षा हवी होती.

ती जायला वळली होती, थांबली. "आप्पा, मी परक्या घरची. तुम्ही माझ्या आईबापांना कधी काही दिलं नाहीत, मला जन्म दिला नाहीत. सकाळी पाचला उठून मी करते ते तुम्ही कशाच्या हक्काने जेवता?"

आणि गेली. आवाजही चढवला नव्हता.

बोलायला काय जातं. सुना हल्ली वाचतात फार. हे लिहिलं आणि खोडणार होतो, राहू दे.  

२३ ऑगस्ट, शनिवार

झोळी काढली नाही. सोडलीही नाही. कार्तिकापर्यंत चातुर्मास आहे, मधेच तुटलं तर काय, ते गुरुजींना विचारायला हवं आणि त्यांना विचारायचं नाहीये.

बँकेला सुट्टी. मंदार बाहेर. दुपारी मी आणि केतकी दोघंच. ताट वाढलं, दोन पोळ्या, आमटी, भेंडी. एरवी तिसरी पोळी घेऊन येते, मी नको असेल तर ताटावर हात धरतो, हवी असेल तर धरत नाही. सुधाच्या वेळेपासून असंच. तोंडाने बोलावं लागत नाही.

आज आली नाही. ओट्याशी पाठ करून पोळ्या लाटत होती. मुद्दाम की विसरली, पाठीवरून काय कळणार. दोन्ही पोळ्या संपल्या. आमटी उरली होती. भूकही चांगलीच होती. एवढंच म्हणायचं, केतकी, एक पोळी दे गं. घसा साफ केला. तिने मान वळवून पाहिलं, थांबली. म्हणजे मी बोलण्याची वाट पाहत होती. असं मला वाटलं.

आमटी नुसती प्यायलो आणि उठलो.

ती म्हणाली, झालं?

झालं, म्हटलं.

आता चार वाजलेत. ती आत झोपली आहे. पोळ्यांचा डबा टेबलावरच आहे, घेता येईल उठून. पण ते मागणं नव्हे. मागायला जमलं नाही. उद्या रविवार, उद्या तीच वाढणार. भूक अजून आहे.