आत्याबाईंच्या खाजेची गोळी

८ नोव्हेंबर
...त्या दिवशीही असंच. सडा टाकला, नळ आला म्हणून पाण्याचे गुंड भरले, भाकरीचं पीठ भिजवलं. ह्यांचा चहा ओतला तेवढ्यात संत्री तोडणाऱ्या मजुरांनी गाडीतून हाक मारली. हे तसेच गेले. भरलेला कप ओट्यावर. दुपारी बागेतून फोन आला, झाडाखाली बसले ते उठलेच नाहीत. कप मी धुतला तो दिवे लागल्यावर.
तिसरं वर्ष लागलं. आज आठवायचं कारण आत्याबाई, माझ्या सासूबाई. सकाळी मला म्हणाल्या, "अरुण आला होता. माह्यापाशी बाजीवर बसला. माय, बाग पाहाले चाल म्हणे."
ह्यांच्या, म्हणजे स्वतःच्या लेकाच्या तोंडात शेवटचं पाणी स्वतःच्या हातानं घातलं होतं त्यांनी.
मी पीठ मळत राहिले.

१० नोव्हें.
नणंद, कुसुमताई, आल्या सौंसरहून, आईला भेटायला. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा केळी आणतो, आणि स्वतःला लागू पडलेल्या गोळ्यांचा पत्ताही, म्हणजे अख्खी पट्टी. ताईंनी दिवाळीत खाजेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपत आल्या म्हणून आज नवा पत्ता. "माह्या सासऱ्याले यानंच आराम पडला, वहिनी." सकाळ-संध्याकाळ एक. आत्याबाईंना सर्दीही आहे, तिची गोळी वेगळी, ती मेडिकलमधली, तीन वेळा.
खाज थांबली हे खरं. आधी पाठ ओरबाडून घ्यायच्या.
हे येऊन बसतात असं ऐकून ताई रडल्या. म्हणाल्या, माय आता फार दिवस राहत नाही, भाऊ न्यायला आला. जाताना दारातून परत फिरल्या. "तुमाले नाही दिसत का तो?"
नाही म्हटलं.

१३ नोव्हें.
सारखं पाणी मागतात. तोंड कोरडं, भाकर घशाखाली उतरत नाही. मोरीत बसून राहतात, लघवी होत नाही, कंटाळून उठतात. चालताना भिंत धरतात. दिवसभर झोप. जाग आली की बोटं हवेत चालतात, संत्रं सोलून राहिल्यासारखी.
आज मीच विचारलं, हे काय म्हणत होते?
"तुही भाकर करपली म्हणे."
हे अगदी हेच म्हणायचे, रोज, करपली नसली तरी. मला हसू आलं. मग चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभी होते.
डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. उद्या.

१४ नोव्हें.
नेलं नाही. मीच बाजेजवळ बसले होते, आत्याबाई काय सांगतात ते ऐकत. आज हे दोनदा आले.

१५ नोव्हें.
आत्याबाई मोरीत पडल्या. कोपर सोललं, हाड शाबूत. माझ्यामुळे एक दिवस गेला.
दुपारी ह्यांचं भिंग घेऊन दोन्ही पत्ते खिडकीच्या उजेडात धरले. शाळा सातवीपर्यंतच, पण इंग्रजी अक्षरं लावता येतात मला, वेळ लागतो. खाजेच्या पत्त्यावर एकच औषध, क्लोरफेनिरामिन, चार मिलिग्रॅम. सर्दीच्या पत्त्यावर तीन औषधं. मधलं तेच. दोन मिलिग्रॅम.
म्हणजे मी एकच औषध दिवसातून पाच वेळा...

१६ नोव्हें.
दवाखाना. पत्ते पिशवीतून काढायच्या आधीच डॉक्टरांनी विचारलं, खाजेचं, सर्दीचं काही चालू आहे का? पोट दाबून पाहिलं, टणक होतं. नळी घालून लघवी काढली. आत्याबाईंनी माझा हात सोडला नाही. रक्तही तपासायला घेतलं.
डॉक्टर म्हणाले, औषध वाईट नाही. तरण्या माणसाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, किडा चावला, तर आराम देतं. त्यालाही झोप येते, घेऊन गाडी चालवायची नाही. पण म्हाताऱ्या शरीरातून ते लवकर निघत नाही. तोंड सुकतं, लघवी अडते, डोकं भरकटतं. या वयात टाळलेलंच बरं, आणि इथं तर दुप्पट गेलं. लेकरांनाही आपल्या मनानं देऊ नका. दोन्ही गोळ्या बंद. खाज कातडी कोरडी पडल्याची आहे, आंघोळ कोमट पाण्यानं, ओल्या अंगाला तेल.
विचारलं, भास जातील?
"जायला पाहिजेत, दोन-चार दिवसांत. नाही गेले तर परत आणा."
मी परत तेच विचारलं. त्यांना वाटलं, मला घाई झाली आहे.

१९ नोव्हें.
लघवी मोकळी होते. आज वांग्याच्या भाजीशी अर्धी भाकर खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाल्या. रक्ताचं ठीक.
ताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या पत्त्यानं असं झालं, हेही. रागावले नाही मी, त्यांनी आईच्या मायेनंच आणला. मग त्याच हळूच म्हणाल्या, "मंग आता भाऊ नाही येत?"
कालपासून नाही.

२१ नोव्हें.
सकाळी आत्याबाई उठून दाराकडे पाहत बसल्या. चहा पुढे ठेवला तो निवला. दुपारी म्हणाल्या, "अरुणले जाऊन दोन साल झाले न?"
हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. रडल्या नाहीत. पुन्हा नव्यानं कळलं त्यांना, मला ते पाहावं लागलं.
संध्याकाळी माझा पदर धरला.
"ते गोळी दे न वं. एकच."
"खाज सुटली का?"
"नाही."
दिली नाही. पत्ते मिठाच्या डब्यामागे आहेत, मला माहीत आहे. फेकले का नाहीत ते स्वतःलाच विचारून राहिले.

२२ नोव्हें.
पत्ते तिथंच आहेत. रविवारी ताई येणार.
आज सकाळी आत्याबाईंना आंघोळ घातली, ओल्या पाठीला तेल लावलं. लावता लावता त्यांना त्या सकाळचं सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं. सडा, नळ, पीठ, मजुरांची हाक. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. विचारलं, "चहा पेऊन गेला होता का तो?"
मी हो म्हणाले.